‘फ्यूर एलिझ’ जरा थांबू शकतं
पियानो हाती येऊन सहा महिने झाले की जो तो ‘फ्यूर एलिझ’ मागतो. मीही मागितलं होतं. पहिलं पान जमलं, पुढे एफ मेजरच्या भागात बोटांची त्रेधा उडाली, आणि दोन वर्षं महूच्या आमच्या गल्लीनं तेवढंच पान ऐकलं. बिचारे शेजारी!

गाणं शिकताना पलट्यांआधी कुणी तराण्याला हात घालत नाही. इथेही तसंच. आधी जी मेजरमधला तो प्रसिद्ध मिन्युएट घ्या. आना माग्दालेना बाखच्या १७२५च्या वहीतला हा तुकडा बरीच वर्षं बाखच्या नावावर खपला. खरा कर्ता क्रिस्टियान पेट्झोल्ड. छोटासाच, पण दोन्ही हातांना वेगळं काम देतो. मग शूमानचा ‘आल्बम फॉर द यंग’ (१८४८). आपल्या मुलींसाठी सुरू केलेल्या या संग्रहात ४३ तुकडे आहेत. पहिला भाग लहानांचा, दुसरा जरा मोठ्यांचा. माझ्या मते यापेक्षा चांगली शिडी नाही.

संथ म्हणजे सोपं, असं मात्र समजू नका. सातीची पहिली ‘जिम्नोपेदी’ निवांत वाटते, पण डावा हात खालच्या सुरावरून वरच्या कॉर्डवर सतत उड्या मारतो. आणि मोझार्टनं १७८८च्या सी मेजर सोनाटाला स्वतःच ‘नवशिक्यांसाठी’ म्हटलंय. त्याचे नवशिके भलतेच तयार असावेत!

नवा तुकडा घेताना मी आधी त्यातल्या सर्वांत अवघड दोन ओळी निम्म्या लयीत वाजवून बघतो. आठवड्यात जमल्या नाहीत, तर वही बंद.

सध्या तुमच्या स्टँडवर काय आहे?