उघाडी कुठे ठेवायची?

कोकणात खाडीकाठच्या खाजणाला बांध घालणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो उघाडीचा. बांधाने भरतीचं पाणी अडेल, पण आत तुंबलेलं पावसाचं पाणी जाणार कुठून? म्हणून बांधात झडप बसवतात, तीच उघाडी. भरतीच्या रेट्याने ती मिटते, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस मीठ विरघळवतो आणि उघाडी ते समुद्राला परत करते. 1948 चा खारजमिनींचा कायदा आणि त्यानंतरचा 1979 चा कायदा याच व्यवस्थेभोवती उभे राहिले.

घाट चढून सांगली जिल्ह्यात वाळवा, पलूस, मिरजेकडे आलं, की इथेही उन्हाळ्यात रानं पांढरी दिसतात. समुद्र नाही, तरी मीठ आहे, आणि ते आपणच वर आणलेलं आहे.

कराडजवळ कृष्णेवरचा खोडशीचा बंधारा 1860 च्या दशकातला. पुढे उपसा योजना आल्या, कारखाने आले, ऊस बारमाही झाला. पाटाने पाणी सोडायची सवय आणि काळ्या चिकणमातीचा जेमतेम निचरा, यांत भूजल वर चढत गेलं. ते मुळांपर्यंत पोचलं, की केशाकर्षणाने आणखी वर येतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. सांगलीचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास. तो हे धुऊन काढायला पुरत नाही. हे कळायला उशीर झाला असंही म्हणता येत नाही. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास वाहू लागला आणि 1910 मध्ये हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे या कृषिशास्त्रज्ञांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका काढली. आपण वाचली नाही, एवढंच.

इलाज ठाऊक आहे. साधारण चार फूट खोल सच्छिद्र पाईप, त्याभोवती गाळणी, ते सगळे एका मोठ्या नळीला जोडायचे. नुसती क्षारयुक्त जमीन गोड्या पाण्याने धुऊन निघते. चोपण, म्हणजे सोडियममुळे घट्ट झालेली, असेल तर आधी जिप्सम, मग ताग किंवा धैंचा. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने भूमिगत निचऱ्यावर काम केलं. शेजारच्या शिरोळमध्ये दत्त साखर कारखान्याने गटागटाने जमीन सुधारली, तोच 'शिरोळ पॅटर्न'.

पण पाईपचं पाणी सोडायचं कुठे? एकट्याच्या रानातलं पाणी शेजाऱ्याच्या रानातून जायचं, तिथून ओढ्यात. ओढा बुजलेला, कुठे त्याच्या पात्रातच ऊस. म्हणून इथला निचरा हा तंत्राइतकाच भावकीचा प्रश्न आहे. शिवाय खालच्या गावाला जाणारं खारं पाणी कोणाच्या हिशेबात धरायचं, हे आपण फारसं बोलत नाही.

आणखी एक गोष्ट. कृष्णेलाही भरती येते. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. अशा वेळी ओढ्याचं तोंड पाण्याखाली असतं आणि नळीतून नदीच उलटी रानात शिरते. कोकणी माणसाने जे सुरुवातीलाच विचारलं, ते आपण पाईप गाडल्यावर विचारतो. माझ्या मते आराखडा ओढ्याच्या तोंडापासून वर काढत यायला हवा आणि गरज असेल तिथे झडप हवी.

पाईपचं कोटेशन मागवण्याआधी गावाने एकदा भर पावसाळ्यात ओढ्याच्या कडेने चालत नदीपर्यंत जाऊन यावं.