दोन पिंपांचे पाणी

मराठीच्या प्राध्यापकाने ऐन फराळाच्या दिवसांत मद्यावर लिहावे, हे काहींना रुचणार नाही. आमच्या घरीही रुचले नव्हते. हिच्या वडिलांनी बाटलीपायी संसाराची धूळधाण केलेली. तेव्हापासून हिला तो वाससुद्धा सोसत नाही. आणि गेल्या उन्हाळ्यात आम्ही उतरलो ते हिच्याच दादांकडे, स्कॉटलंडात!

रात्री दादांनी ग्लेन मोरे काढली. एल्गिन गावी लॉसी नदीकाठच्या बिअरच्या कारखान्याची १८९७ साली ही भट्टी झाली. ‘सिंगल माल्ट’ म्हणजे एकाच भट्टीचे, निव्वळ मोड आणलेल्या सातूचे मद्य. तांब्याच्या भांड्यांतून दोनदा काढलेला अर्क पाण्यासारखा बिनरंगी असतो; त्याला रूप-गंध येतो तो ओकच्या पिंपात. कायद्याने निदान तीन वर्षे मुरावे लागते, आणि दरसाल शेकडा दोनेक भाग उडून जातो. त्याला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. नैवेद्य दाखवण्यापूर्वीच देव जेवून जातात म्हणायचे!

दादांची बाटली आधी बर्बनच्या पिंपांत मुरलेली आणि अखेरचे काही महिने शेरीच्या. शेरी स्पेनमधल्या हेरेसची. पूर्वी ती पिंपांतूनच ब्रिटनला येई आणि रिकामी पिंपे स्कॉचवाल्यांना सहज मिळत. १९८० च्या दशकात ती स्पेनमध्येच बाटल्यांत भरणे आले. आता पिंपे मुद्दाम शेरीत मुरवून घ्यावी लागतात, ती महाग पडतात. म्हणून जन्मभर शेरीच्या पिंपात राहिलेल्या मद्याचे मोल फार, आणि उतारवयात संगत लाभलेले हे पंचवीस-तीस पौंडांत.

वासाला मनुका, संत्र्याची साल. पहिला घोट मात्र आगच! दादांनी चार थेंब पाणी घालायला लावले, तेव्हा गोडवा उमलला. शेवटी सुंठीचा ठसका. मध्येच जरा पाणचट वाटते, तेही सांगितले पाहिजे. रंगावर तर भाळूच नये; जळक्या साखरेचा रंग मिसळायला कायद्याची मुभा आहे.

ही तेवढा वेळ स्वयंपाकघरात होती. दुसऱ्या पेल्याचे दादांनी विचारलेच नाही. बूच लावून बाटली कपाटात ठेवली. त्याच वडिलांचे तेही पुत्र.

सकाळी भांडी घासताना हिने माझा रिकामा पेला नाकाशी नेला.

“अहो, ह्याला बाबांसारखा वास नाही,” ती म्हणाली, आणि तो विसळून कपबशांच्या ओळीत पालथा घातला.