रबरी सोंगे आणि प्लॅस्टरचा साचा

यवतमाळचा सार्वजनिक दुर्गोत्सव विदर्भात प्रसिद्ध आहे. अशा उत्सवांतील सजीव देखाव्यांसाठी, त्याचप्रमाणे शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांसाठी महिषासुराची शिंगे, राक्षसाचे नाक, वानराचे कान अशा वस्तूंची दरवर्षी गरज भासते. कागदाच्या लगद्याचे मुखवटे करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी असून जव्हार-मोखाडा भागातील बोहाड्याची सोंगे हे तिचे सुपरिचित उदाहरण होय. लगद्याचा मुखवटा हलका व स्वस्त असतो. परंतु तो ताठ असल्याने नटाच्या चेहऱ्याबरोबर हलत नाही आणि पडला असता दबतो किंवा फुटतो. ही अडचण टाळण्यासाठी रबराच्या लवचीक वस्तू घरीच ओतण्याकडे हौशी मंडळींचा कल होतो. त्यांतील बरेच प्रयत्न फसतात, व दोष बहुधा रबराला दिला जातो. वास्तविक रबरी वस्तूचे यश मुख्यतः ज्या साच्यात ती ओतली जाते त्याच्या कोरडेपणावर अवलंबून असते. हे असे का, याचा उलगडा रबराच्या चिकाचे स्वरूप पाहिल्यावर होतो.

रबराच्या झाडाचा चीक हा विद्राव नव्हे. पाण्यात रबराचे अतिसूक्ष्म कण तरंगत असलेले ते एक कलिल आहे. प्रत्येक कणाभोवती प्रथिने व स्निग्ध द्रव्ये यांचे पातळ वेष्टन असते आणि त्यावरील ऋण विद्युतभारामुळे कण परस्परांना दूर लोटतात. ताज्या चिकात रबराचे प्रमाण सुमारे ३० ते ३५ टक्के असते. केंद्रापसारक यंत्रातून काढल्यावर ते ६० टक्क्यांपर्यंत वाढते. हा दाट चीक टिकावा म्हणून त्यात अमोनिया मिसळतात. आम्लाचा स्पर्श झाला, किंवा पाणी निघून जाऊन कण एकमेकांस भिडले, की चीक साकळतो, आणि एकदा साकळलेला चीक पुन्हा पातळ होत नाही. वड किंवा रुई यांच्या चिकाने हे काम साधेल अशी कल्पना काही जण करतात. परंतु त्यांत उपयुक्त रबर फार थोडे असते, शिवाय रुईचा चीक डोळ्यांस घातक आहे. घरगुती कामासाठी व्हल्कनीकरण आधीच केलेला चीक घेणे इष्ट. गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची ही प्रक्रिया चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये शोधून काढली. तिच्यावाचून वाळलेले रबर उन्हाळ्यात चिकट होते व ताणल्यावर पूर्ववत आखडत नाही.

आता साच्याकडे वळता येईल. शाडूमध्ये घडविलेल्या मूळ आकृतीवर प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतून साचा घेतात. प्लॅस्टर म्हणजे जिप्सममधील तीनचतुर्थांश स्फटिकजल उष्णतेने काढून टाकलेले चूर्ण. पाणी मिळताच ते पुन्हा जिप्सम बनते व घट्ट होते. १ किलो प्लॅस्टरला या रासायनिक क्रियेसाठी केवळ १८६ ग्रॅम पाणी लागते. परंतु मिश्रण ओतता यावे म्हणून प्रत्यक्षात सुमारे ७०० ग्रॅम घालावे लागते. उरलेले ५०० ग्रॅमांहून अधिक पाणी स्फटिकांच्या मध्ये अडकून राहते. ते वाळून गेल्यावर त्याच्या जागी असंख्य सूक्ष्म छिद्रे शिल्लक राहतात, आणि या छिद्रांमुळेच प्लॅस्टरचा साचा चिकाच्या उपयोगी पडतो.

साच्यात चीक ओतला की दोन क्रिया एकाच वेळी सुरू होतात. छिद्रे केशाकर्षणाने चिकातील पाणी शोषून घेतात, त्यामुळे भिंतीलगतचे रबरकण दाटीने जवळ येतात. त्याचबरोबर जिप्सम पाण्यात किंचित विरघळत असल्याने त्यातील कॅल्शियमचे धनभारित आयन चिकात उतरतात आणि कणांवरील ऋणभार निष्प्रभ करतात. परिणामी साच्याच्या अंगाला रबराचा थर धरू लागतो. वेळ जाईल तसा तो जाड होतो. पण थरातूनच पाणी ओढावे लागत असल्याने वाढीचा वेग मंदावत जातो. थर दोन-तीन मिलिमीटर झाला म्हणजे मधला पातळ चीक परत डब्यात ओतून घेतात व आतील पोकळी वाळू देतात. दुधासारखा पांढरा थर पिवळसर, अर्धपारदर्शक झाला म्हणजे तो वाळला असे समजावे. त्यावर शंखजिऱ्याची पूड भुरभुरून वस्तू सोलून काढावी. पूड न लावल्यास ताजे रबर स्वतःलाच असे चिकटते की ते सोडविता येत नाही. वाळताना वस्तू थोडी आक्रसते, म्हणून मूळ आकृती किंचित मोठी घडवावी लागते.

फसलेल्या प्रयत्नांची कारणे यावरून स्पष्ट होतात. साचा ओला असेल तर छिद्रे आधीच पाण्याने भरलेली असतात आणि थर धरत नाही. साच्याला आतून तेल लावले तर छिद्रांची तोंडे बुजतात. साच्याच्या दोन अर्धुकांचे सांधे सुटावेत म्हणून त्यांवर साबणाचे पाणी लावणे योग्य. चिकाचा स्पर्श होणाऱ्या पृष्ठावर मात्र काहीही लावू नये. साचा वाळला की नाही हे हाताने चाचपून कळत नाही. त्यासाठी वजन करणे हाच भरवशाचा उपाय होय. १ किलो प्लॅस्टरचा ताजा साचा सुमारे १७०० ग्रॅम भरतो व पूर्ण वाळल्यावर १२०० ग्रॅमांच्या आसपास स्थिरावतो. दोन दिवस लागोपाठ वजन बदलले नाही, की साचा कामास तयार झाला असे मानावे.

येथे यवतमाळच्या हवामानाचा प्रश्न येतो. नवरात्र आश्विनात येते, म्हणून तयारी श्रावण-भाद्रपदात सुरू होते. त्या दिवसांत हवा दमट असल्याने साच्यातील अर्धा किलो पाणी बाहेर पडण्यास फार काळ लागतो, आणि घाई झालेली मंडळी ओल्या साच्यातच चीक ओततात. याउलट मे महिन्यात, तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे असताना, साचा सावलीतही लवकर वाळतो. तो चुलीजवळ किंवा तापलेल्या पत्र्यावर मात्र ठेवू नये. अति उष्णतेने जिप्सममधील स्फटिकजल उडून साचा भुसभुशीत होतो. चिकाची गोष्ट नेमकी उलट आहे. उन्हाळ्यात अमोनिया उडून जातो व डब्यातच चीक घट्ट होऊ लागतो. तेव्हा साचे उन्हाळ्यात करून ठेवावेत, आणि चीक पावसाळा सरताना, लागेल तेवढाच आणावा.

मूर्तिकारांच्या कारखान्यात याच दोन द्रव्यांचा संबंध उलटा दिसतो. पेण येथील गणेशमूर्तींच्या उद्योगात मूळ मूर्तीवर रबराचे थर चढवून लवचीक साचा करतात व त्यात प्लॅस्टर ओततात. दोन्ही ठिकाणी लाभ एकच : एक बाजू लवचीक असल्यामुळे खाचाखोचांची आकृतीही न मोडता सुटते.

वापरातील मर्यादाही ध्यानात घेणे अवश्य आहे. खोबरेल, व्हॅसलीन किंवा खनिज तेल यांनी रबर फुगते व कुजते. साधा तैलरंग वस्तू वाकताच तडकतो, म्हणून रंगद्रव्य चिकातच कालवून लावावे. तांब्याच्या अंशाने रबराचे ऑक्सिडीकरण वेगाने होते, यास्तव चीक तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. अमोनियाचा वाफारा डोळ्यांना व घशाला झोंबतो, म्हणून काम मोकळ्या हवेत करावे. चिकातील प्रथिनांची काही व्यक्तींना तीव्र अधिहर्षता असते. तेव्हा ज्यांना रबरी हातमोजे किंवा फुगे यांनी खाज, सूज अथवा धाप लागते त्यांना ही सोंगे मुळीच देऊ नयेत. प्लॅस्टर घट्ट होताना बरेच तापते. त्याच्या जाड थरात हात किंवा चेहरा गुंतवून ठसा घेणे धोक्याचे आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर ते सर्वथा वर्ज्य समजावे.

संपूर्ण डोके झाकणारा रबरी मुखवटा हवा आत येऊ देत नाही, घाम शोषत नाही. आश्विनातील उकाड्यात व दिव्यांच्या झोतात दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या नटाला तो असह्य होतो. १९६८ मधील ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या चित्रपटाच्या रंगभूषेबद्दल जॉन चेंबर्स यांना विशेष ऑस्कर मिळाले. तेथेही एकसंध मुखवट्याऐवजी फेसाळ रबराचे वेगळे भाग चेहऱ्यावर चिकटविले होते. त्यामुळे नटांच्या स्नायूंची हालचाल प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. घरगुती कामालाही हाच नियम लागू पडतो. जेथे वाकणे आवश्यक, तेथे म्हणजे नाक, कान, बोटे, शिंगांची टोके यांसाठी रबर योजावे, आणि मुकुट, कपाळपट्टी, शिंगांचा बुंधा यांसाठी कागदाचा लगदाच कायम ठेवावा. असे केल्याने चीक थोडा लागतो, साचे लहान राहून लवकर वाळतात, आणि सोंग घेणाऱ्याला मोकळेपणाने श्वास घेता येतो.