साडेपाच फुटांचा माणूस, अडीच फुटांचे रूळ

कुर्डुवाडीच्या स्टेशनात एकीकडे मुंबई-सोलापूरचे रुंद रूळ आणि दुसरीकडे बार्शी लाईटचे चिंचोळे रूळ पाहिलेली माणसं आमच्या सोलापूर जिल्ह्यात अजून पुष्कळ आहेत. मोठ्या गाडीतून उतरायचं, बोचकी उचलायची आणि छोट्या गाडीत जागा धरायला पळायचं, हे त्यांच्या पायांना अजून आठवतं. मी गेली काही वर्षं घराच्या गच्चीवरच्या खोलीत तीच छोटी गाडी पुन्हा बांधतो आहे, सत्त्याऐंशीपट लहान करून. हा लेख त्या छंदाचा आढावा आहे, आणि आपल्या गाड्यांचं हुबेहूब रूप कुठे साधतं, कुठे फसतं, याचाही.

आमचा जिल्हा या छंदासाठी भाग्यवान म्हणायला हवा. 1860 मध्ये जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरला पोचली, ती साडेपाच फुटी ब्रॉडगेजवरून. पुढे होटगीहून विजापूर-गदगकडे मीटरगेज गेली. 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून बार्शी गावापर्यंत बार्शी लाईटची अडीच फुटी नॅरोगेज सुरू झाली. एकाच जिल्ह्यात तीन गेज, म्हणजे रुळांच्या तीन रुंद्या! आज तिन्हीकडे ब्रॉडगेजच आहे. प्रवाशाची सोय झाली हे खरंच. पण डोळ्यांना जो फरक दिसायचा तो गेला, आणि तो परत पाहायचा तर टेबलावरच.

जगभर सर्वांत जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एच-ओ, एकास सत्त्याऐंशी. त्याचे बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या चार फूट साडेआठ इंची गेजवरून काढलेले. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. सत्त्याऐंशीने भागा, सव्वाएकोणीस येतात. म्हणजे राजधानी असो की सिद्धेश्वर एक्स्प्रेस, तयार रुळांवर ठेवली की तिची चाकं जवळजवळ तीन मिलिमीटर आत येतात. डबा रुंद आणि पाय जवळ, असं ते ध्यान दिसतं. याची खूण पटवायला मी एक सोपी युक्ती वापरतो. मध्यम उंचीचा माणूस साडेपाच फुटांचा आणि ब्रॉडगेजही साडेपाच फुटांची. प्रतिकृतीतला बाहुला रुळांवर आडवा ठेवायचा. डोकं एका रुळाला आणि पाय दुसऱ्या रुळाला टेकले तर काम खरं. बाजारच्या रुळांवर त्याचे पाय बाहेर येतात.

हीच अडचण आयर्लंडमधल्या प्रतिकृती करणाऱ्या मंडळींची आहे, आणि त्यांचं काम पाहूनच मला माझी वाट सापडली. तिथे सुरुवातीला प्रत्येक रेल्वे कंपनीने मनाला येईल ती रुंदी घेतली होती. बेलफास्टकडून सहा फूट दोन इंच, डब्लिनहून ड्रोहेडाकडे पाच फूट दोन इंच, आणि डब्लिन-किंग्सटाऊन या पहिल्या मार्गावर इंग्लंडसारखी चार फूट साडेआठ. शेवटी 1843 मध्ये पाच फूट तीन इंचांवर तडजोड झाली. आज आयरिश गाड्यांच्या प्रतिकृती बहुतेक करून चार मिलिमीटरला एक फूट या प्रमाणात होतात. त्या हिशेबाने रूळ एकवीस मिलिमीटरचे हवेत, मिळतात मात्र साडेसोळाचे. मर्फी मॉडेल्स आणि आयरिश रेल्वे मॉडेल्स यांनी तयार इंजिनं आणि वाघिणी बाजारात आणल्या, त्या फार देखण्या आहेत. पण त्याही साडेसोळावरच धावतात. काही हट्टी माणसं मात्र एकवीस मिलिमीटरचे रूळ स्वतः घालतात, स्लीपर कापून, खिळ्यागणिक माप घेऊन, आणि विकत आणलेल्या इंजिनाची चाकं ओढून रुंद करतात. मला त्या हट्टाबद्दल मनापासून आदर आहे.

जाता जाता एक नातं सांगतो. आयर्लंडची 1994 पासूनची 201 वर्गातली डिझेल इंजिनं आणि आपली डब्ल्यूडीजी-4 ही एकाच अमेरिकी घराण्यातली. दोन्हींच्या पोटात ईएमडी या कंपनीचं 710 जातीचं यंत्र, तिकडे बारा सिलिंडरचं, इकडे सोळा. कुर्डुवाडीला फाटकाशी उभं राहून मालगाडीच्या इंजिनाचा आवाज ऐकणाऱ्याला डब्लिनमध्ये फारसं परकं वाटणार नाही.

पण खरी गंमत त्यांच्या छोट्या गाड्यांत आहे. डोनेगल, वेस्ट क्लेअर, ट्रली-डिंगल या तीन फुटी गेजच्या गाड्या. चार मिलिमीटरच्या प्रमाणात तीन फूट म्हणजे बरोब्बर बारा मिलिमीटर, आणि बारा मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. मोठी गाडी चुकते, छोटी मापात बसते! डोनेगलची प्रवासी गाडी 1959 अखेर थांबली, वेस्ट क्लेअर 1961 मध्ये. आज तिथले लोक त्या गाड्या प्रतिकृतींतून जपतात. डब्लिनच्या इंचिकोर कारखान्यात नोकरी करणाऱ्या सिरिल फ्राय यांनी घरी बसून आयरिश गाड्यांचा केवढा तरी संसार उभा केला. त्यांचा संग्रह आता मालाहाइडच्या संग्रहालयात आहे.

आता आपल्याकडे तोच हिशेब मांडा. बार्शी लाईटची गेज 762 मिलिमीटर, भागिले सत्त्याऐंशी, पावणेनऊ. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ मिळतात. फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. हे गणित पहिल्यांदा वहीत मांडलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि ही गाडी साधीसुधी नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर 1882 मध्ये जीआयपीत नोकरीला आला आणि छोट्या गेजचं वेड घेऊन बसला. त्याचा विचार असा, की हलके रूळ घालायचे असतील तर गाडीचं वजन प्रत्येक आसावर सारखं वाटलं गेलं पाहिजे. म्हणून यार्डाला तीस पौंडी रूळ आणि दर आसावर पाच टनांची मर्यादा. इंजिन असो, डबा असो की वाघीण, नियम एकच. लीड्सच्या किटसन कंपनीने त्यासाठी आठ जोडचाकांची टाकीवाली इंजिनं बांधली. डब्यांच्या चौकटीही दाबून घडवलेल्या पोलादाच्या होत्या. पुढे 1906 मध्ये रूळ पंढरपूरला गेले, 1911 मध्ये लातूरला, 1927 मध्ये मिरजेला. सगळे मिळून सव्वातीनशे किलोमीटर. 1954 मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली. 2008 पर्यंत कुर्डुवाडी-लातूरची छोटी गाडी संपली, नंतर पंढरपूर-मिरजेचीही. कॅलथ्रॉपने हाच धडा नंतर इंग्लंडात लीक-मॅनिफोल्ड मार्गावर गिरवला. तो मार्ग 1904 ते 1934, जेमतेम तीस वर्षं चालला, पण त्याच्या प्रतिकृती तिकडे हौसेने होतात. मूळ नमुना आमच्या बार्शीचा, हे मी भेटेल त्याला सांगतो.

महाराष्ट्रात या छंदाचं दैवत म्हणजे पुण्याच्या कोथरूडमधलं जोशी म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जमवलेलं, घडवलेलं हे छोटं शहर 1998 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. सर्कस, पोहण्याचा तलाव, डोंगर चढणारी गाडी, लटकती गाडी, आणि दिवे मालवल्यावर खिडक्याखिडक्यांतून उजळणारा गाव. सोलापूरहून शाळेच्या सहली तिथे जातात आणि मुलं खुळावून परततात. भाऊंच्या कामापुढे मी कायम नम्र आहे. तरी ते शहर बरंचसं परदेशी धाटणीचं आहे. बाभळी, काळी माती, फलाटावर टाळ घेऊन बसलेली माणसं यांचं टेबल आपण अजून मांडायचं आहे, असं मला वाटतं.

त्या टेबलासाठी छोटी गाडीच बरी, कारण गाडी जागेतही बसायला हवी. आजच्या चोवीस डब्यांच्या एक्स्प्रेसची एच-ओ प्रतिकृती सहा मीटरहून जास्त लांब होते, इंजिन सोडून. दोन खोल्यांच्या घरात ती वळणार कुठे? बार्शी लाईटची मालवाहू वाघीण पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद. म्हणजे टेबलावर साडेसत्त्याऐंशी मिलिमीटर लांब, साडेचोवीस रुंद. अशा पाच-सहा वाघिणी आणि एक इंजिन दिवाणखान्याच्या फळीवरही मावतं.

पहिली वाघीण मी जॅकार्डच्या पुठ्ठ्यातून केली. सोलापुरात चादरीची नक्षी ज्या भोकांच्या पुठ्ठ्यांवरून उतरते, त्यांतला न टोचलेला पुठ्ठा. तो कडक असतो, धारेला सुरेख कापला जातो आणि रंग पितो. बोथट सुईने मागून एकेक टोचून रिबिटांच्या रांगा उठवल्या. एका बाजूला दीडशे टोचे झाले, आणि एक्केचाळिसावा जरा खाली गेला तो आजही मला दिसतो. तळाशी वजनाला दोन वॉशर चिकटवले. चाकं बाहेरून मागवावी लागली. बाकीचं घरातलंच: काळ्या रांगोळीत थोडी राख मिसळून पिठाच्या चाळणीने चाळली की रुळांखालची खडी होते, तुळशीच्या वाळक्या काड्यांना चहाचा चोथा लावला की कडेच्या बाभळी.

चूकही इथल्याच उन्हाने शिकवली. डिसेंबरात रूळ एकमेकांना घट्ट भिडवून, डाग देऊन बसवले. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत पारा वर गेला आणि एका सकाळी पाहतो तर सरळ मार्गाला नागमोडी पडलेली. खऱ्या रेल्वेचे गँगमन सांध्यांत फट का ठेवतात हे मला तेव्हा कळलं. सगळे सांधे सोडवले आणि प्रत्येकात पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवून पुन्हा बसवले.

माझी कळकळीची विनंती एकच आहे. कुर्डुवाडीच्या कारखान्यात, जुन्या छोट्या स्टेशनांच्या पडक्या भिंतींत, ओढ्यांवरच्या मोऱ्यांत अजून मापं शिल्लक आहेत. फलाटाची उंची, खिडकीची रुंदी, दगडाचा थर किती इंची. मोबाइलवरचा फोटो पुरत नाही, शेजारी टेप धरायला हवा. आयरिश लोकांनी ते वेळेवर केलं, म्हणून त्यांची डोनेगल आज रिबिटापर्यंत खरी उतरते.

गेल्या आषाढीआधी आमच्या गल्लीतले एक आजोबा खोलीवर आले. पंढरपूर तालुक्यातले, वय पंच्याऐंशीच्या पुढे. वाघीण त्यांनी तळहातावर घेतली, खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिली. मी अभिमानाने म्हणालो, "आजोबा, यात कापसाच्या गाठी भरणार आहे."

"गाठी भर की," ते म्हणाले, "पण वारीला ह्यातच माणसं भरायचे लेका. मी माझ्या बापाच्या पायाशी बसून गेलोय. दार उघडं, आणि दारात पाय सोडून बसलेली चार माणसं."

गाठी काढून ठेवल्या. आता मेणबत्तीचं मेण आणि तार घेऊन माणसं करतो आहे. उभा माणूस सव्वाएकोणीस मिलिमीटरचा, बसलेला साधारण दहा. पागोट्याला कापसाचा धागा. अकरा झाली. दारातली चार अजून करायची आहेत, त्यांचे पाय बाहेर लोंबले पाहिजेत आणि फलाटाला घासता कामा नयेत.