काचेपलीकडची तीन मिनिटं

ॲडमिटचा ईमेल आला, घरात पेढे वाटून झाले, इन्स्टावर स्टोरीही पडली. एमएस इन मेकॅनिकल, अमेरिका! ‘आता फक्त व्हिसा राहिलाय,’ असं तुम्ही सगळ्यांना सांगत असाल. त्यातला ‘फक्त’ तेवढा काढून टाका.

एफ-१ व्हिसाची कागदी बाजू तशी सरळ आहे. युनिव्हर्सिटी आय-२० पाठवते. मग ३५० डॉलर सेव्हिस फी, डीएस-१६० फॉर्म, १८५ डॉलर व्हिसा फी, एक स्लॉट बायोमेट्रिक्सचा आणि एक इंटरव्ह्यूचा. फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडिया अकाउंट्स द्यावी लागतात आणि २०२५पासून ती पब्लिकही ठेवावी लागतात. (स्लॉट मिळवणं ही वेगळीच तपश्चर्या, त्यावर पुन्हा कधीतरी.)

खरी परीक्षा बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये. मोबाइल नाही, बॅग नाही, आई-बाबा बाहेर रस्त्यावर. तुम्ही जाडजूड फाइल घेऊन उभे आणि काचेपलीकडचा अधिकारी बहुतेक वेळा ती उघडायलाही सांगत नाही. दोन-तीन मिनिटं बोलतो, बस्स. कायद्याचं २१४(बी) कलम असं आहे की तुम्ही तिकडे कायमचं राहायलाच निघालाय हे गृहीत धरायचं. तसं नाही हे पटवायची जबाबदारी तुमची. नाही पटलं तर हातात एक छापील कागद येतो. फी गेली ती गेली.

‘हीच युनिव्हर्सिटी का?’ याचं उत्तर क्लासवाले पाठ करून घेतात. रांगेतल्या चौघांना ‘जागतिक दर्जाच्या सुविधा’च आवडलेल्या असतात! पण मुलं जास्त अडखळतात ती पुढच्या प्रश्नावर : खर्च कोण करणार?

आय-२०वर पहिल्या वर्षाचा खर्च छापलेला असतो. समजा ४५ हजार डॉलर. त्यातलं लोन किती, बचत किती, बाबांचं वर्षाचं उत्पन्न किती? आपल्याकडे ‘तू अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो’ म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे बावीस वर्षांच्या इंजिनीअरलाही हे माहीत नसतं. साडेसात लाखांच्या वर बँका साधारणपणे तारण मागतात. गावाकडची शेतजमीन बहुतेक बँकांना चालत नाही, फ्लॅट किंवा एनए प्लॉट लागतो. म्हणजे अनेकदा राहतं घरच. इंटरव्ह्यू असो वा नसो, हे तुम्हाला ठाऊक असायलाच हवं.

इथेच एखादा एजंट भेटतो. ‘बॅलन्स कमी आहे? टेन्शन नको, दाखवून देतो.’ कुणाचे तरी वीस लाख काही आठवड्यांसाठी खात्यात येतात, त्याचं कमिशन ठरतं आणि बँकेचं लेटर निघतं. ‘सगळेच करतात’ हेही वर ऐकवलं जातं. फरक नीट समजून घ्या. २१४(बी)खाली नकार मिळाला तर पुन्हा अर्ज करता येतो. खोटी माहिती देऊन फसवल्याचा शिक्का बसला तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. त्या वेळी एजंट फोनही उचलणार नाही.

आणि समजा पकडलं गेलं नाही. मग? दुसऱ्या सेमिस्टरची फी भरायला ते वीस लाख परत येणार नाहीत. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, त्यातून जेवणखाण कसंबसं निघेल. फीचं काय?

पैसे खरंच कमी पडत असतील तर युनिव्हर्सिटीला ॲडमिशन पुढच्या इनटेकला ढकलता येते का ते विचारा, अनेक ठिकाणी येते. जर्मनीकडेही बघा. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो मात्र आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये टाकावे लागतात आणि तेही खरेच लागतात, कारण पुढे दर महिन्याला त्यातूनच जगायचं असतं.

तेव्हा मॉक इंटरव्ह्यूचा क्लास लावायच्या आधी आज रात्री जेवणं झाली की आई-बाबांसमोर वही घेऊन बसा. पहिला प्रश्न तुम्ही विचारा : आपल्याकडे नक्की किती आहेत?