नाकाने प्यायची वाईन

शीर्षक वाचून रेक्टर सरांच्या भुवया वर जाण्याआधीच सांगून टाकते. माझं वय वीस. कायद्याने मला अजून वाईन पिता येत नाही, आणि हॉस्टेलवर बाटलीचं नावही काढायचं नाही. हा लेख आहे वासाचा.

माझे मामा दिंडोरीकडे वाईनची द्राक्षं लावतात. जात सोविन्याँ ब्लाँ. मामा माळकरी, त्यामुळे स्वतःच्या द्राक्षांची वाईन त्यांनी आजवर चाखलेली नाही. मे महिन्याच्या सुट्टीत ते मला वायनरीत घेऊन गेले. सगळे घोट घेत होते आणि आम्ही दोघं नुसते ग्लास हुंगत होतो. मला कसंतरीच वाटलं. मामा म्हणाले, "अगं, वासाला कुठे माळ आडवी येते?"

आणि गंमत म्हणजे मामांचंच बरोबर आहे! चव म्हणतो ती बरीचशी नाकातच कळते. मेसमध्ये करून बघा. नाक चिमटीत धरून बडीशेप चावा. नुसतं गोडसर लागेल. नाक सोडा, की बडीशेप 'येते'. घशामागून वास वर जातो, हा त्यातला फंडा.

आता 'ड्राय' म्हणजे काय? यीस्ट रसातली साखर खाऊन अल्कोहोल बनवतं. साधारण 17 ग्रॅम साखरेमागे लिटरला 1 टक्का. म्हणजे 210 ग्रॅम साखरेचा रस 12 टक्क्यांच्या थोडा वर जातो आणि साखर जवळजवळ संपते. ती ड्राय. वास फळाचा, पण जिभेवर गोडी नाही, उलट आंबटपणा. तो टार्टारिक अॅसिडचा, आपल्या चिंचेतही तेच असतं. पहिल्यांदा पिणारा म्हणूनच तोंड वाकडं करतो.

वासांचंही केमिस्ट्रीत उत्तर आहे. सोविन्याँ ब्लाँमधला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास पायराझिनचा, आणि लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असला तरी नाक तो पकडतं. रिस्लिंगमध्ये लिनालूल असतं, आपल्या धन्यांत असतं तेच. फ्रान्सच्या अल्सासमधली गेवुर्त्स्ट्रामिनर गुलाब आणि लिचीसारखी दरवळते, कारण त्या तिघांत रोझ ऑक्साइड आहे.

पद्धत सोपी. वाईन 8 ते 10 अंशांवर ठेवायची, फार गार केली तर वास उडतच नाही. ग्लास एक तृतीयांशच भरायचा आणि दांडीला धरायचा, नाहीतर हाताच्या उबेने वाईन तापते. आधी स्थिर ग्लास हुंगायचा, मग गोल फिरवून पुन्हा. फिरवल्याने पृष्ठभाग वाढतो, वास मोकळा होतो. मग छोटा घोट तोंडात घोळवायचा. गिळल्यावर वास किती वेळ राहतो, ते मोजायचं.

हे नुसते चोचले नाहीत. द्राक्षं लवकर तोडली तर मिरचीचाच वास वरचढ होतो, उशीर झाला तर आंबटपणा उतरतो. मामा रिफ्रॅक्टोमीटरने साखर मोजतात, पण वास मोजायला त्यांच्याकडे नाकच आहे. त्या दिवशी ग्लास हुंगून ते हळूच म्हणाले, "खालच्या वावरातला माल चार दिवस आधी तुटला." वाईनमेकरने वही उघडून पाहिली. खरंच तसं होतं!

मी अजून एक थेंबही प्यायलेली नाही. पण परवा मेसच्या भाजीत धने जास्त झाले, ते मात्र मला सगळ्यांच्या आधी कळलं.