चौघांत एक आजारी, मग बाकीचे तिघे?

“चौघांपैकी एकाला झाला, म्हणजे बाकीचे तिघे सुटले.” सिकलसेलचे मूल असलेल्या घरात हे वाक्य आमच्या भंडारा जिल्ह्यात हमखास ऐकू येते. कधी नानी म्हणते, कधी शेजारीण. कुठे याच्या उलट भीती असते: थोरला आजारी निघाला, आता पाठची सगळीच तशी होणार. आणि काही घरांत हिशेब आणखी सोपा, दोष सुनेचा! तिन्ही गोष्टी चूक आहेत.

रक्ताच्या तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन कसे असावे हे ठरवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकाजवळ असतात. एक अम्मीकडून आलेली, एक अब्बूंकडून. एकच प्रत सिकलची असेल तर ती व्यक्ती वाहक. ती रुग्ण नव्हे. तिला औषध लागत नाही, ती शाळेत धावते, शेतात राबते, बाळंतही होते. दोन्ही प्रती सिकलच्या आल्या तरच पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडे ठणकणे, डोळे पिवळे पडणे, रक्त कमी होणे असा त्रास सुरू होतो. म्हणजे रुग्ण मुलाला एक प्रत अम्मीने दिलेली असते आणि एक अब्बूंनी. एकट्या सुनेकडून हा आजार येऊच शकत नाही.

नववीच्या वर्गात आनुवंशिकता शिकवताना आम्ही चिंचोके वापरतो. फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू पांढरी, दुसरी काळपट. एक चिंचोका अम्मीचा, एक अब्बूंचा. काळी बाजू सिकलची. दोन्ही एकदम टाकायचे. दोन्ही पांढरे पडले तर मूल निरोगी, एक काळा एक पांढरा पडला तर वाहक, दोन्ही काळे पडले तर रुग्ण. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाच्या वेळी निरोगी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि रुग्ण असण्याची २५ टक्के.

यातला “प्रत्येक बाळाच्या वेळी” हा शब्दप्रयोग मुलांना पटकन समजतो, मोठ्यांना नाही. चिंचोक्यांना मागचा डाव आठवत नाही. थोरल्या भावाला आजार आहे म्हणून धाकटीचे नशीब बदलत नाही, ना वाईटाकडे, ना चांगल्याकडे. अशा जोडप्यांची चार-चार मुलांची शंभर घरे घेतली, तर साधारण ३२ घरांत एकही रुग्ण निघणार नाही, ४२ घरांत एक निघेल आणि २६ घरांत दोन किंवा अधिक. “चौघांत एक” हा सरासरीचा आकडा आहे, कोणत्याही घराला दिलेला शब्द नव्हे.

आता त्या “सुटलेल्या” भावंडांकडे येऊ. ज्याला आजार नाही त्याचे दोनच प्रकार उरतात, निरोगी किंवा वाहक, आणि वाहकाचे पारडे दुप्पट जड. म्हणजे रुग्णाच्या धडधाकट भावा-बहिणींपैकी प्रत्येकजण वाहक असण्याची शक्यता तीनात दोन! चेहऱ्यावरून, वजनावरून, खेळण्यावरून ते कळत नाही. आजारी मुलाला घेऊन दवाखान्याच्या फेऱ्या होतात. पाठच्या बहिणीचे रक्त मात्र कोणी तपासत नाही, कारण ती ठणठणीत असते. तिच्या रिश्त्याची बोलणी सुरू होतात तेव्हाही कोणाला आठवण राहत नाही.

नात्यात निकाह करणाऱ्या घरांनी तर हा हिशेब आधी मांडावा. एखादी मुलगी वाहक असेल, तर तिच्या मामेभावाकडे किंवा चुलतभावाकडे त्याच आजी-आजोबांकडून आलेली तीच प्रत असण्याची शक्यता आठात एक. मुलगा-मुलगी दोघे वाहक निघाले तरच प्रश्न आहे. वाहकाचा निकाह निरोगी जोडीदाराशी झाला तर मुले वाहक होऊ शकतात, सिकलसेलचे रुग्ण होत नाहीत. त्यामुळे “वाहक” असा रिपोर्ट आला म्हणून मुलीचा रिश्ता मोडणे म्हणजे निव्वळ अडाणीपणा. दुसऱ्या बाजूचा रिपोर्ट मागा, इतकेच. सौदी अरबमध्ये २००४ पासून निकाहाआधी सिकलसेल व थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची आहे. रिपोर्ट समजावून सांगतात, निर्णय मात्र जोडप्याचा असतो. तिकडच्या पूर्व भागात आढळणारे सिकलचे जनुक आणि आपल्या विदर्भातले जनुक एकाच वळणाचे आहे. हा कुठल्या एका जातीचा किंवा जमातीचा आजार नाही. वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून जिथे मलेरिया पूर्वापार होता तिथे हे जनुक टिकून राहिले.

तपासणी दोन टप्प्यांची आहे. पहिली सोल्युबिलिटी टेस्ट, ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. पण त्यात फक्त सिकल आहे की नाही एवढेच कळते. वाहक की रुग्ण, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनंतरच. पहिल्या चाचणीच्या चिठ्ठीवर थांबू नये. तान्ह्या बाळाच्या रक्तात पहिले काही महिने गर्भातले हिमोग्लोबिन जास्त असते, त्यामुळे सहा महिन्यांच्या आत सोल्युबिलिटी टेस्टवर भरवसा ठेवता येत नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी अपेक्षित आहे, म्हणजे निकाहाच्या वयाची सगळी मुले-मुली त्यात आली.

भावंडांच्या तपासणीचा आणखी एक उपयोग आहे. रुग्णाला अस्थिमज्जा देण्यासाठी सख्खे भावंड सर्वांत योग्य, आणि प्रत्येक भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. हा जुळणीचा डाव सिकलच्या डावापेक्षा वेगळा असतो. वाहक भाऊ किंवा बहीणही दाता होऊ शकते.